बार्जवरच्या मालाला तारीख नसते

२०२५ च्या चवथीला सकाळी साडेनऊच्या सुमारास आमच्या पिळगावच्या घरात सगळे भटजींची वाट बघत बसले होते. भटजी वरच्या वाड्यावर अडकलेले. माटोळी बांधून झाली होती. तोरिंगं, चिबूड, सुपारीचे घड आपापल्या जागी लटकत होते आणि माझी भाची सोप्यावर बसून मोबाईलकडे टक लावून बघत होती. नऊ एकतीस झाले तशी ती म्हणाली, "लागलं."

काकी उठली ती तडक स्वयंपाकघराकडे धावली. तिला वाटलं खतखतं लागलं.

खतखतं ठीक होतं. लागलं होतं ते भारतातून जाणाऱ्या मालावर अमेरिकेचं आणखी २५ टक्के शुल्क. तिकडे वॉशिंग्टनमध्ये २७ ऑगस्टची रात्र बारा वाजून एक मिनिट, म्हणजे आपल्याकडे सकाळचे नऊ एकतीस. आधीचे २५ आणि हे २५, मिळून ५०. भाची वास्कोला एका क्लिअरिंग एजंटाकडे निर्यातीची कागदपत्रं बघते. कोळंबी, माकूल, मसाले, जे काही डब्यात भरून बाहेर जातं त्याचे कागद तिच्या टेबलावरून जातात. त्यामुळे चवथ असो की पाडवा, तिचं एक घड्याळ अमेरिकेच्या वेळेवर चालतं.

"आता पन्नास झाले ना? मग घ्या आरतीची तयारी," आबा म्हणाले. पण भटजी आले नव्हते आणि विषय निघाला होता. मग जे सुरू झालं ते दुपारी पानावर बसेपर्यंत चाललं, अर्धं मराठीत, अर्धं कोकणीत. त्या दिवशी मी फार तावातावाने बोललो. त्यानंतर जे घडलं त्यामुळे माझी काही मतं हलली, काही नाही. म्हणून हे सगळं एकदा लिहून काढतोय.

सुरुवात माझ्या रडगाण्याने झाली, हे कबूल करतो. माझं डिचोली बाजारात टीव्ही-फ्रिजचं दुकान आहे. गोव्यात टीव्ही विकला जातो तो चवथीला. मुंबईची मंडळी घरी येणार, घराला रंग काढलेला, मग हॉलमध्ये जुना टीव्ही कसा ठेवायचा? जुलैच्या शेवटी मी गोदाम भरून घेतलं होतं. १५ ऑगस्टला पंतप्रधान लाल किल्ल्यावरून म्हणाले की दिवाळीपर्यंत जीएसटीत मोठी सुधारणा येतेय, लोकांच्या वापरातल्या वस्तूंवरचा कर कमी होईल. पुढच्या दोनतीन दिवसांत टीव्हीवर सुरू झालं की १२ आणि २८ चे टप्पे जाणार, ५ आणि १८ राहणार.

सोमवारी सकाळी मये गावचं एक जोडपं आलं. त्यांनी आदल्या आठवड्यात ४३ इंची टीव्हीसाठी दोन हजार आगाऊ दिले होते. ते परत मागायला आले. बाई म्हणाल्या, "भाऊ, तुमच्यावर राग नाही, पण दिवाळीला स्वस्त होतोय ना?" मी काय बोलणार? हिशेब मीच करून दाखवला असता. मूळ किंमत ३०,००० धरली तर २८ टक्क्यांनी ३८,४०० होतात, १८ टक्क्यांनी ३५,४००. तीन हजारांचा फरक. तीन हजारांसाठी मीसुद्धा दोन महिने जुन्या टीव्हीवर आरत्या ऐकल्या असत्या. पैसे परत दिले, वर कोकमाचं सरबत पाजलं.

गंमत अशी की फ्रिजचं गिऱ्हाईकही थांबलं. फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर हे सगळं २०१८ च्या जुलैपासून १८ टक्क्यांतच आहे. ३२ इंचांपर्यंतचा टीव्हीसुद्धा २०१९ पासून १८ मध्येच. म्हणजे १८ चा टप्पा राहणार म्हटल्यावर यांचं काही हलणार नव्हतं. मी बिल काढून दाखवायचो, हे बघा, नऊ टक्के केंद्राचे, नऊ राज्याचे, झाले अठरा. गिऱ्हाईक बिलाकडे बघायचं, माझ्याकडे बघायचं, आणि "विचार करून येतो" म्हणून निघून जायचं. दुकानदार स्वतः 'हे स्वस्त होणार नाही' म्हणतो तेव्हा त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार!

तर चवथीच्या दिवशी माझं म्हणणं असं होतं: कर कमी करायचा असेल तर सरकारने रात्री सांगावं आणि सकाळी लागू करावं. आधी दवंडी पिटायची आणि मग पाच आठवडे दुकानं ओस पाडायची, ही कुठली रीत? (पाच आठवडे हा आकडा तेव्हा माहीत नव्हता. जीएसटी परिषदेची बैठक ३ सप्टेंबरला झाली आणि दर २२ सप्टेंबरपासून, घटस्थापनेला, लागू झाले. मी त्या दिवशी 'दोन महिने' म्हणत होतो.)

दाजी तोपर्यंत गप्प बसून दुर्वा निवडत होता. दाजी म्हणजे आबांचा मुलगा, माझा चुलतभाऊ. त्याची नदीतून खनिज वाहायची एक बार्ज आहे आणि दोन टिपर होते, त्यातला एक विकला. तो म्हणाला, "तुला पाच आठवडे नको झालेत. मला एक संध्याकाळ मिळाली असती तर मी सत्यनारायण घातला असता."

त्याची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे, तरी त्याने ती पुन्हा सांगितली. २१ मे २०२२, शनिवार. संध्याकाळी बातमी आली की केंद्राने पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क आठ रुपयांनी आणि डिझेलवरचं सहा रुपयांनी कमी केलं. दाजी तेव्हा टिपर घेऊन पंपावरच उभा होता. तो खुश झाला, पाचशेचंच डिझेल घातलं आणि म्हणाला, बाकी उद्या भरू. पंपावर सगळेच हसत होते. त्याच संध्याकाळच्या घोषणांमध्ये पोलादाच्या कच्च्या मालाविषयी एक ओळ होती, ती पंपावर कोणी वाचली नाही. रात्री नऊला व्यापाऱ्याचा फोन आला: बार्ज हलवू नकोस.

लोहखनिजाच्या निर्यातीवरचं शुल्क ५० टक्के झालं होतं, दुसऱ्या दिवसापासून. आता इथे बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. गोव्याचं खनिज बहुतेक हलक्या प्रतीचं, लोहाचं प्रमाण ५८ टक्क्यांच्या खाली. आपले कारखाने ते फारसं घेत नाहीत, ते जातं बाहेर, मुख्यतः चीनला. म्हणूनच २०१६ च्या अर्थसंकल्पात ५८ च्या खालच्या मालावरचं निर्यात शुल्क काढून टाकलं होतं. ३० टक्के होतं ते वरच्या प्रतीवर. त्या शनिवारी ३० चे ५० झाले आणि शून्याचेही ५० झाले. तीसवाल्याला चिमटा बसला, शून्यवाल्याचा धंदाच त्या रात्री बंद.

सारमानसच्या धक्क्यावर दाजीची बार्ज भरलेली होती. खाली मांडवी, वर आभाळ भरून आलेलं. मेच्या शेवटच्या आठवड्यात ज्याची बार्ज भरलेली असते त्याला झोप येत नाही, कारण पाऊस सुरू झाला की नदीत भरलेली बार्ज ठेवता येत नाही. माल मुरगाव बंदरात न्यायचा नाही, उतरवायचा तर उतरवायचे पैसे कोण देणार? व्यापारी म्हणाला, माल माझा पण कर माझा नाही. शेवटी दाजीने स्वतःच्या खर्चाने माल परत धक्क्यावर उतरवला. खलाशांचा पगार, लोडरचं भाडं, डिझेल. ते डिझेल मात्र सहा रुपयांनी स्वस्त मिळालं, हे तो दर वेळी सांगतो आणि स्वतःच हसतो.

ते शुल्क टिकलं किती? १९ नोव्हेंबर २०२२ पासून ५८ च्या खालचा माल पुन्हा शून्यावर आला. सहा महिने. त्यातले चार पावसाचे.

"पण त्यांचं कारण होतं," आबा म्हणाले. आबा शहाऐंशी वर्षांचे आहेत आणि सरकार कुठलंही असो, कोणी शिव्या घालायला लागला की ते सरकारच्या बाजूने बोलतात. "लोखंड किती महाग झालेलं? तूच घराचं स्लॅबचं काम थांबवलं होतंस. खनिज बाहेर गेलं नाही तर आत स्वस्त मिळेल, असा विचार. आणि आधी सांगितलं असतं तर? आठ दिवसांत अख्खा धक्का रिकामा करून सगळं चीनला पाठवलं असतं तुम्ही."

यावर दाजीकडे उत्तर नव्हतं. पाठवलंच असतं.

मग आबांनी माझ्याकडे मोर्चा वळवला. "आणि तू. तुझ्या बापाची ट्रंक विसरलास?"

ट्रंक मी कशी विसरेन. आता जिथे माझं दुकान आहे तिथे आधी बाबांचा पसरा होता: तांदूळ, रॉकेल, सुकी मासळी, विडी-सिगारेट. त्या काळी अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता मांडायचे. ही वेळ इंग्रजांच्या काळापासूनची. १९९९ मध्ये यशवंत सिन्हांनी ती सकाळी अकराची केली. तर त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास बाबा फळीवरच्या सिगारेटची पाकिटं उचलून एका हिरव्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवायचे. माझं काम ट्रंकेवर बसायचं. कोणी सिगारेट मागितली की बाबा म्हणायचे, संपली. आणि रेडिओवर भाषण सुरू व्हायचं. मी आठ-नऊ वर्षांचा असेन, मला त्यातलं काही कळायचं नाही, पण 'सिगारेट' शब्द आला की बाबांचा चेहरा बघायचा, एवढं कळायचं. दुसऱ्या दिवशी ट्रंक उघडायची आणि नवा भाव सुरू.

भाची खदखदून हसली. "मामा, तुम्ही साठेबाज होता!"

होतोच. डिचोलीतला प्रत्येक पसरकार त्या दिवशी साठेबाज असायचा. आणि आम्ही होतो म्हणूनच तो कायदा होता, हे मला पुढे जीएसटीच्या नादात चार पुस्तकं चाळताना समजलं. १९३१ चा एक कायदा होता, कर तात्पुरते वसूल करण्याचा. विधेयक संसदेत मांडलं की मंजूर व्हायच्या आधीच, त्याच मध्यरात्रीपासून, कस्टम्स आणि एक्साइजचे वाढीव दर वसूल करता येत. संसदेने पुढे नामंजूर केलं तर पैसे परत. इंग्रज गेले, कायदा राहिला. २०२३ मध्ये त्याच्या जागी त्याच नावाचा नवा कायदा आला. आपल्या घटनेचं २६५ वं कलम म्हणतं, कायद्याच्या अधिकाराशिवाय कर लावता येणार नाही. आणि हा कायदा म्हणतो, बरोबर आहे, पण तोवर ट्रंक भरू देणार नाही.

म्हणजे आधी सांगितलं की माझ्यासारखा ट्रंकेवर बसतो. गिऱ्हाईक थांबतं तेही एका अर्थी ट्रंकच, फक्त उलटी. आणि न सांगता केलं की दाजीची बार्ज. मला वाटलं वाद इथे संपला, दोघेही बरोबर, चला आरतीला. भटजी तेवढ्यात आले होतेच.

पूजा झाली, पातोळ्या आणि नेवऱ्या पानात पडल्या, आणि भाचीने विषय पुन्हा काढला. ती म्हणाली, तुम्ही दोघे भलत्याच गोष्टीवर भांडताय. सरकारने आधी सांगावं की नंतर, हा प्रश्न नाही. मधल्या मालाचं काय, हा प्रश्न आहे.

तिच्या कामात हे रोजचं. कस्टम्स कायद्यात पंधरावं आणि सोळावं कलम आहे. आयात माल असेल तर बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कागद, ज्या दिवशी दाखल केलं त्या दिवसाचा दर, आणि बोट नंतर आली तर ती आत आल्याच्या दिवसाचा. निर्यात असेल तर अधिकाऱ्याने माल चढवायला ज्या दिवशी परवानगी दिली त्या दिवसाचा दर. सौदा कधी झाला, पैसे कधी दिले, माल खाणीतून कधी निघाला, याला काही अर्थ नाही. "दाजीमामा, तुमचा माल त्या रात्री बार्जवर होता ना? बार्जवरच्या मालाला तारीख नसते. कागदावर सही झाली की तारीख."

दाजी नेवरी मोडता मोडता थांबला. तीन वर्षांत त्याला हे असं कोणी सांगितलं नव्हतं. त्याने सरळ विचारलं, मग सही आदल्या दिवशी झाली असती तर? भाची म्हणाली, तर शून्य. एका दिवसाचा फरक.

मग तिने अमेरिकेचं सांगितलं. वाढीव २५ टक्क्यांचा आदेश ६ ऑगस्टला निघाला, लागू २७ ला. एकवीस दिवस. वर सवलत अशी की २७ च्या त्या मिनिटाआधी जो माल बोटीत चढला आणि १७ सप्टेंबरच्या आत अमेरिकेत उतरून क्लिअर झाला, त्याला हे वाढीव २५ लागणार नाहीत. ऐकायला किती चांगलं! पण तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बऱ्याच बोटी आफ्रिकेला वळसा घालून जातात. न्हावा शेवाहून त्या वाटेने अमेरिकेचा पूर्व किनारा गाठायला महिन्याच्या वर जातो. म्हणजे २६ ऑगस्टला चढलेला माल तारखेत चढला खरा, पण तारखेत उतरणार नाही. "त्यांनी मधल्या मालाचा विचार केला," ती म्हणाली, "पण नकाशा न बघता."

आणि हे एका वर्षातलं कितवं? २ एप्रिलला भारतावर २६ टक्के जाहीर, ९ एप्रिलला नव्वद दिवसांची स्थगिती आणि तोवर सरसकट १०, मग ७ ऑगस्टपासून २५, मग २७ पासून ५०. तिच्या ऑफिसात फळ्यावर दर लिहायचे, ते आता पेन्सिलने कागदावर लिहितात, असं ती म्हणाली. मला ते फार पटलं. माझ्या दुकानात २०१७ च्या ३० जूनच्या रात्री, संसदेत घंटा वाजवून जीएसटी आला तेव्हा, मी दीड वाजेपर्यंत जुन्या बिलबुकावर व्हॅटचे शिक्के खोडत बसलो होतो. पण त्यानंतर निदान दर बदलणार असेल तर तो कोणी, कुठे बसून ठरवला, हे माहीत असतं.

इथे दाजीने एक मुद्दा काढला, जो मला अजून सुचला नसता. जीएसटी परिषदेत केंद्राचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि ते राज्यांमध्ये समान वाटलेलं. ठराव व्हायला तीन चतुर्थांश लागतात. म्हणजे तिथे गोव्याचं मत आणि उत्तर प्रदेशाचं मत एकाच वजनाचं. "तुझ्या टीव्हीच्या दराला गोव्याने हात वर केला असेल," दाजी म्हणाला. "माझ्या खनिजाला? निर्यात शुल्क दिल्लीचं. आमचा मंत्री, आमचा आमदार, कोणाला विचारायचं कारणच नाही." हे खरं आहे. कस्टम्स टॅरिफ कायद्याच्या आठव्या कलमाने निर्यात शुल्क तातडीने वाढवायचा अधिकार केंद्राला दिला आहे, अधिसूचना नंतर संसदेपुढे ठेवायची. १९३१ च्या कायद्यात निदान विधेयक आधी मांडावं लागायचं.

गोव्याला हे नवीन नाही, आबा म्हणाले. १८७८ साली पोर्तुगीज आणि इंग्रजांनी आपसात करार केला. गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यातली जकात उठली, पण बदल्यात गोव्याचं मीठ इंग्रजांच्या ताब्यात गेलं आणि माडावर चढणाऱ्या रेंदेराच्या बोकांडी अबकारी बसली. मिठागरवाल्याला लिस्बनने विचारलं नाही आणि लंडनने तर नाहीच. १८९२ मध्ये तो करार संपला. आबांच्या आजीला म्हणे मिठाच्या शिपायांची भीती घालून झोपवत असत.

काकीने ताकाचा तांब्या आणला आणि विचारलं, अजून भात कोणाला? वाद तिथे थांबला.

एक गोष्ट मात्र मला त्या दिवशी बोलायची राहून गेली. २० सप्टेंबर २०१९ ला मी माल बघायला पणजीला गेलो होतो. शहरभर पोलीस, जीएसटी परिषदेची सदतिसावी बैठक पणजीत होती. त्या सकाळी बैठकीआधीच निर्मला सीतारामन यांनी पत्रकारांना सांगितलं की कंपन्यांचा आयकर २२ टक्क्यांवर आणलाय, अध्यादेशाने, आणि तोही त्या वर्षीच्या १ एप्रिलपासून. सेन्सेक्स त्या दिवशी १,९२१ अंकांनी उसळला. संध्याकाळी परिषदेने साडेसात हजारांवरच्या हॉटेल खोल्यांचा कर २८ वरून १८ केला, १ ऑक्टोबरपासून. कळंगुटवाले खुश. एकाच गावात, एकाच दिवशी, एक सवलत मागच्या तारखेपासून आणि दुसरी अकरा दिवसांनी. मागच्या तारखेची सवलत मिळाली की कोणी पद्धतीबद्दल बोलत नाही. मीही बोललो नव्हतो. माझी कंपनी नाही, म्हणून मला काही मिळालं नाही, एवढंच तेव्हा मनात आलं होतं.

आता २२ सप्टेंबरचं. पहिले चार दिवस दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मयेचं जोडपं आलं, टीव्ही नेला. गोदामातल्या चौदा टीव्हींवर मी कंपनीला २८ टक्क्यांनी कर भरलेला, आणि विकताना वसूल केला १८ ने. एका टीव्हीची खरेदी २८,००० धरा, त्यावर भरलेला कर ७,८४०. विक्री ३०,००० ला, त्यावर कर ५,४००. उरलेले २,४४० माझ्या इनपुट क्रेडिटच्या, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराच्या, खात्यात पडून. चौदाचे झाले ३४,१६०. ते बुडालेले नाहीत, फ्रिज विकत राहीन तसे हळूहळू वळते होतील. पण परतावा मागायची सोय नाही, कारण खरेदीची वस्तू आणि विक्रीची वस्तू एकच, फक्त दर मध्येच बदलला. माझ्या अकाउंटंटने हे सांगितलं तेव्हा मला भाचीचं बोलणं आठवलं. टीव्ही गोदामात होता म्हणजे तोही बार्जवरच होता की.

शिवाय जुन्या स्टिकरांचा ताप. डब्यावर जुनी किंमत, बिलावर नवी. एक गृहस्थ फ्रिजच्या डब्यावर बोट ठेवून म्हणाले, "यावर नवा स्टिकर नाही." मी म्हटलं, यावर येणारच नाही, याचा दर बदललेला नाही. ते म्हणाले, "सगळे दुकानदार असंच म्हणतात." शेवटी मी माझ्या खिशातून पाचशे कमी केले. सरकारने कमी न केलेला कर मी कमी केला, असं म्हणायला हरकत नाही.

माझं मत आता काय? कमी करायचा कर एका रात्रीत करावा, यावर मी अजून ठाम आहे. वाढवायच्या कराबद्दल मी दाजीच्या बाजूला जायला तयार नाही, ट्रंक आठवते. पण घोषणा कधीही करा, फळीवरच्या, नदीतल्या आणि समुद्रातल्या मालाला कुठली तारीख धरायची हे त्याच कागदावर आणि नकाशा बघून लिहा, एवढं मागितलं तर जास्त होतं का?

नोव्हेंबरात एका रविवारी सगळे पुन्हा पिळगावला जमलो. भाची अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाची बातमी घेऊन आली होती. ५ नोव्हेंबरला सुनावणी झाली. तिकडच्या १९७७ च्या ज्या आणीबाणीच्या कायद्यावर हे सगळं शुल्क उभं होतं त्यात आयात नियंत्रित करण्याचा अधिकार आहे, टॅरिफ हा शब्दच नाही. खालच्या दोन न्यायालयांनी शुल्काच्या विरोधात निकाल दिला होता, अपिलाच्या न्यायालयात सात विरुद्ध चार. दाजीने लगेच विचारलं, रद्द झालं तर भरलेले पैसे परत मिळतील?

"ज्याच्या नावावर भरले त्याला," भाची म्हणाली. "आपला निर्यातदार डीडीपीवर माल पाठवत असेल, म्हणजे तिकडचा करही त्यानेच भरला असेल, तर त्याला. पण बहुतेकांनी काय केलं? गिऱ्हाईक टिकावं म्हणून भाव उतरवून दिला. कर भरला तिकडच्या आयातदाराने. परतावा मिळालाच तर तोही त्यालाच. भाव उतरवला त्याची पावती नसते."

दाजी थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आणि आमचे ५० टक्के? ते मागे घेतले तेव्हा आम्ही अर्ज करायला हवा होता काय?"

"दाजीमामा, तुम्ही शुल्क भरलंच कुठे? माल गेलाच नाही."

"मग ते लोडरचं भाडं कुठल्या रकान्यात लिहू?"

"तो रकाना फॉर्ममध्ये नाही," भाची म्हणाली.